डिकीत तापणारा इपॉक्सी

गोल्फ खेळणाऱ्या एका मित्राने परवा फोनवर आलेला एक संदेश मला वाचून दाखवला. उन्हात उभ्या गाडीत गोल्फ क्लब, म्हणजे खेळायच्या काठ्या, ठेवले तर कार्बनचा शाफ्ट, म्हणजे काठीची दांडी, आतून वितळतो आणि क्लबमधला ‘जीव’ निघून जातो, म्हणून अमुक एक चंदेरी आवरण विकत घ्या, असा तो मजकूर. मित्र धास्तावला होता, आणि त्याला कारणही होतं. त्याच्या ड्रायव्हरचा, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबचा, शाफ्ट जिथे हेडमध्ये, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या टोकात, शिरतो तिथली काळी प्लास्टिकची कडी खरोखरच तीन-चार मिलिमीटर वर सरकली होती.

कडी सरकली हे खरं. शाफ्ट वितळतो हे धादांत खोटं.

आधी गाडी किती तापते ते पाहू. अ‍ॅरिझोनामध्ये केलेली मोजमापं 2018 साली प्रसिद्ध झाली. बाहेर 38 अंश सेल्सिअसच्या वर तापमान असताना, तासभर उन्हात उभ्या असलेल्या गाड्यांच्या आत सरासरी 47 अंश भरले आणि डॅशबोर्ड 69 अंशांपर्यंत पोहोचला. काचेतून ऊन आत येतं, सीट आणि डॅशबोर्ड तापतात, त्यांच्यामुळे हवा तापते आणि तापलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसते. काच दोन बोटं खाली ठेवली तरी फारसा फरक पडत नाही. डिकीत थेट ऊन येत नाही, पण वरचा पत्रा तापतो. तिथे 50 ते 60 अंश धरून चालू.

साठ अंशांत धातूचं काही बिघडत नाही. टायटॅनियम 1668 अंशांना वितळतं, पोलाद 1400च्या पुढे. एक मीटर लांबीचा पोलादी शाफ्ट 40 अंशांनी तापला तर जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढतो आणि गार झाला की पूर्ववत होतो. कार्बनच्या शाफ्टमधलं रेझिन, म्हणजे कार्बनचे धागे बांधून ठेवणारा चिकट पदार्थ, तर कारखान्यात साधारण 120 अंश किंवा त्याहून जास्त तापमानाला भट्टीत भाजूनच पक्कं केलेलं असतं. डिकीची ऊब त्याच्यापुढे काहीच नाही.

राहतो तो शाफ्ट आणि हेड यांना जोडणारा डिंक. तो असतो इपॉक्सी, बहुतेक वेळा दोन नळ्यांतून काढून कालवलेला, आणि खरी गंमत त्याच्यातच आहे.

घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोग सांगतो. पाच मिनिटांत घट्ट होणारा दोन नळ्यांचा इपॉक्सी आणा, कालवा आणि प्लास्टिकच्या कागदावर त्याची पातळ पट्टी ओढा. दिवसभर तशीच राहू द्या. पट्टी टणक होते, टिचकी मारली तर टणटण वाजते. आता ती चिमट्याने चांगल्या कडकडीत पाण्यात धरा. काही सेकंदांत ती चामड्यासारखी लवचीक होते. वाकवा आणि वाकलेलीच गार पाण्यात घाला: ती त्याच आकारात ताठ होते. पुन्हा गरम पाण्यात टाका. पट्टी स्वतःहून उलगडत जाते आणि जवळजवळ सरळ होते! मी हे कितीदा केलं असेल याची मोजदाद नाही.

मेण वितळतं तेव्हा त्याचे रेणू एकमेकांना सोडून वाहू लागतात. इपॉक्सीचे रेणू तसं करू शकत नाहीत, कारण रेझिन आणि हार्डनर या दोन नळ्यांतल्या घटकांमध्ये रासायनिक गाठी बसून सगळं मिळून एकच जाळं झालेलं असतं. तापवल्यावर गाठी सुटत नाहीत. गाठींच्या मधले धागे तेवढे वळवळू लागतात. ज्या तापमानाला ही वळवळ सुरू होते त्याला काचसंक्रमण तापमान म्हणतात. त्याच्या खाली पदार्थ काचेसारखा कडक, वर रबरासारखा मऊ. पट्टीला आपला मूळ आकार ‘आठवतो’ तो त्या न सुटलेल्या गाठींमुळे.

हे तापमान कशावर ठरतं? डिंक किती अंशांना मुरला यावर बरंच काही. कालवल्यावर गाठी बसत जातात तसं मिश्रणाचं काचसंक्रमण तापमान वर चढत जातं. चढता चढता ते खोलीच्या तापमानाला गाठतं आणि त्याच क्षणी मिश्रण काचेच्या अवस्थेत जायला लागतं. उरलेल्या रेणूंना जोडीदारापर्यंत पोहोचायला हालचाल हवी, ती मंदावते आणि विक्रिया अर्धवट अडते. त्यामुळे खोलीत मुरलेल्या डिंकाचं काचसंक्रमण तापमान खोलीपेक्षा वीस-चाळीस अंशांनीच वर असतं, पुष्कळदा 50 ते 70 अंशांच्या आसपास. म्हणजे नेमकं तापलेल्या डिकीच्या टप्प्यात. पण तिथे तापल्यावर धाग्यांना पुन्हा हालचाल मिळते, अडलेल्या गाठी बसू लागतात आणि हेच तापमान आणखी वर सरकतं. चांगला जोड गाडीत तापला तर एका परीने आणखी पिकतो.

मऊ पडलेला डिंक धोक्याचा ठरतो तो भार असेल तर. सततच्या भाराखाली इपॉक्सी सावकाश सरकतो, अगदी नेहमीच्या तापमानालासुद्धा. 10 जुलै 2006 रोजी बॉस्टनमधल्या एका बोगद्याच्या छताचे काँक्रीटचे फलक मोटारीवर कोसळून एक स्त्री मरण पावली. फलक पेलणारे बोल्ट इपॉक्सीने बसवलेले होते आणि तो डिंक त्या भाराखाली थोडा थोडा सरकत गेला होता, असं तपासात निघालं.

बॅगेत पडलेल्या क्लबच्या जोडावर मात्र नाव घेण्याजोगा भारच नसतो. भार येतो फटक्याच्या वेळी. हेड 200 ग्रॅमचं, वेग सेकंदाला 40 मीटर, फिरण्याची त्रिज्या दीड-पावणेदोन मीटर धरली, तर हेडला बाहेर खेचणारा जोर सुमारे 200 न्यूटन, म्हणजे 20 किलो वजन टांगल्याइतका येतो. जोडाचं क्षेत्रफळ साधारण साडेआठशे चौरस मिलिमीटर. दर चौरस मिलिमीटरला पाव न्यूटनही पडत नाही, आणि नीट बसलेला इपॉक्सी तेवढ्याच जागेवर 20 न्यूटनच्या आसपास सहज झेलतो. चुकीच्या जागी चेंडू लागला की जोडाला पीळ आणि हिसका बसतो, तो वेगळा. तरीही डिंक मऊ होऊन ताकद पावपट उरली तर जोड टिकायला हवा.

खरं, न भरून येणारं नुकसान होतं ते ग्रिपचं, म्हणजे हातात धरायच्या रबरी मुठीचं. डिंकाचं मऊ होणं गार झाल्यावर संपतं. रबराचं तसं नाही. हवेतला ऑक्सिजन त्याच्या साखळ्या तोडतो आणि नको तिथे नव्या गाठी मारतो. अशा विक्रियांचा वेग दर 10 अंशांना ढोबळमानाने दुप्पट होतो. 30चे 60 अंश झाले की आठपट. ग्रिप आधी तुळतुळीत, मग कडक होते, तिच्यावर बारीक चिरा पडतात. त्यावर उपाय एकच, ती बदलणं.

मित्राच्या क्लबचं हेड शेवटी दुरुस्ती करणाऱ्याने तापवून, न पिळता सरळ ओढून काढलं. शाफ्टच्या टोकाला एका बाजूने डिंक घट्ट होता. दुसऱ्या बाजूला मूळचा गुळगुळीत रंग तसाच चकाकत होता. जोडताना तिथे पॉलिश पेपर फिरवलाच नव्हता आणि डिंकाने त्या बाजूला कधी पकड घेतलीच नव्हती. त्याने रंग खरवडला, टोक पुसलं, नवा इपॉक्सी लावला आणि क्लब दोन दिवस भिंतीला टेकवून ठेवला.