समाजमाध्यम-प्रभावक

यूट्यूब, इन्स्टाग्राम, फेसबुक यांसारख्या समाजमाध्यमांवर नियमितपणे चित्रफिती, छायाचित्रे वा मजकूर प्रसिद्ध करून स्वतःचा अनुयायीवर्ग मिळवणारी आणि त्या वर्गाच्या खाण्यापिण्यावर, पेहरावावर, बोलण्यावर व खरेदीवर परिणाम घडवणारी व्यक्ती. व्यवहारात ‘इन्फ्लुएन्सर’ हाच शब्द रुळला आहे. मराठी वृत्तपत्रे ‘रीलस्टार’ व ‘यूट्यूबर’ हे शब्दही सैलपणे त्याच अर्थी वापरतात. नट, गायक, क्रिकेटपटू यांचेही समाजमाध्यमांवर लाखो अनुयायी असतात. पण त्यांनी नाव कमावलेले असते ते पडद्यावर वा मैदानावर. प्रभावकाचे नाव त्या माध्यमातच जन्मते. प्रस्तुत नोंदीत हा भेद पाळला असून उदाहरणे प्रामुख्याने इंदूर शहरातील, त्यातही तेथील मराठी भाषकांशी संबंध असलेली घेतली आहेत.

संज्ञा व उगमाचा वाद : ‘इन्फ्लुएन्सर’ हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकापासून आढळतो, समाजमाध्यमांशी निगडित अर्थ मात्र एकविसाव्या शतकातला. मेरियम-वेबस्टर या अमेरिकी कोशाने तो २०१९ मध्ये नोंदवला. मराठीत ‘प्रभावक’ आणि ‘प्रभावकर्ता’ असे दोन पर्याय दिसतात. पहिला सुटसुटीत असल्याने येथे स्वीकारला आहे.

या संकल्पनेची वंशावळ अभ्यासक तीन प्रकारे मांडतात. पहिली मांडणी जनसंज्ञापनशास्त्राची. १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांचे सहकारी बर्नार्ड बेरेलसन व हेझल गोडे यांनी ओहायो राज्यातील ईरी परगण्यात मतदारांची पाहणी केली. वृत्तपत्रे आणि रेडिओ थेट मतदाराचे मन वळवतात, ही तोवरची समजूत या पाहणीने डळमळीत केली. मजकूर आधी गल्लीतल्या, कारखान्यातल्या जाणकार माणसाकडे पोचतो आणि त्याच्याकडून इतरांकडे झिरपतो, असे त्यांना आढळले. या जाणकारांना त्यांनी ‘मतनेते’ म्हटले. १९५५ मध्ये एलिहू कॅट्झ व लाझार्सफेल्ड यांनी हा ‘दोन टप्प्यांचा प्रवाह’ विस्ताराने मांडला. त्यासाठी इलिनॉय राज्यातील डिकेटर गावच्या स्त्रियांची किराणा, फॅशन, चित्रपट आणि सार्वजनिक प्रश्न यांबाबतची निवड तपासली होती. आजचा प्रभावक म्हणजे तोच मतनेता, फक्त हाती फोन आलेला, असे या मांडणीचे सार आहे.

दुसरी मांडणी कीर्तीच्या स्वरूपापासून सुरू होते. डोनाल्ड हॉर्टन व रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये दूरचित्रवाणीच्या निवेदकांविषयी लिहिताना ‘आभासी परिचया’ची कल्पना मांडली. निवेदक कॅमेऱ्याकडे पाहून ‘तुम्ही’ म्हणतो, रोज ठरल्या वेळी घरात येतो. प्रेक्षकाला तो घरचा वाटू लागतो, पण निवेदकाला हा प्रेक्षक ठाऊकही नसतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस काही तरुणींनी स्वतःच्या खोलीत वेबकॅम लावून दैनंदिन आयुष्य प्रसारित केले. त्यांचा अभ्यास करताना टेरेसा सेन्फ्ट यांनी ‘सूक्ष्मकीर्ती’, म्हणजे मोजक्या प्रेक्षकवर्गात मिळणारी प्रसिद्धी, ही संज्ञा घडवली. त्यांचे पुस्तक २००८ मध्ये आले. पुढे ॲलिस मार्विक व डॅना बॉइड यांनी २०११ मध्ये असे सुचवले की सूक्ष्मकीर्ती ही काही व्यक्तींना लाभणारी अवस्था नसून कोणालाही करता येणारी कृती आहे. सिंगापूरच्या ब्लॉगलेखिकांवर काम केलेल्या क्रिस्टल अबिडिन यांनी तिच्यातील ‘मोजूनमापून राखलेल्या हौशीपणा’कडे लक्ष वेधले : विस्कटलेले केस, मागे दिसणारा पसारा, मध्येच येणारी आईची हाक हे सारे विचारपूर्वक ठेवलेले असू शकते.

तिसरी मांडणी जाहिरातशास्त्राची असून ती अठराव्या शतकातील इंग्रज कुंभार-उद्योजक जोसाया वेजवूडपर्यंत मागे जाते. राणी शार्लटच्या आश्रयाचा उपयोग करून त्याने आपली भांडी ‘क्वीन्स वेअर’ या नावाने विकली. हा दाखला विपणनाच्या लेखनात वारंवार येतो. तथापि राणीचे नाव आधीच मोठे होते, हे लक्षात घेता तो वर पाळलेल्या भेदाच्या पलीकडे जातो.

पहिल्या दोन मांडण्यांपैकी दुसरी अधिक समर्पक वाटते. डिकेटरची मतनेती शेजारणीला ओळखत होती, तिच्या घरचे दुखणेखुपणे तिला माहीत होते. प्रभावकाच्या बाबतीत ओळख एकेरी असते, आणि तरीही विश्वास तेवढाच गाढ बसतो. या घटनेचे खरे कोडे तेच आहे.

पूर्वरूप : असा आभासी परिचय माळव्याला नवा नाही. इंदूरचे आकाशवाणी केंद्र १९५५ मध्ये सुरू झाले. तेथून माळवी बोलीत होणाऱ्या ग्रामीण कार्यक्रमातील नंदाजी व भेराजी ही पात्रे श्रोत्यांच्या घरातलीच होऊन गेली होती. बियाणे, खत, पाऊस अशा विषयांवर दोन शेजाऱ्यांनी पारावर बसून बोलावे तशी ती बोलत. सल्ला सरकारी असे, पण तो पोचत असे ओळखीच्या आवाजामुळे. सल्ला आणि आपुलकी यांची अशी सांगड घालणे हेच प्रभावकाच्या कामाचे मूळ तंत्र. फरक इतकाच की नंदाजी-भेराजींना वेळ व ध्वनिलहर आकाशवाणी देत होती. आज ती जागा प्रत्येकाला स्वतः मिळवावी लागते.

माध्यमांचा विस्तार : यूट्यूब २००५ मध्ये, इन्स्टाग्राम २०१० मध्ये सुरू झाले. यूट्यूबने २००७ पासून जाहिरात-उत्पन्नात निर्मात्यांना वाटा देण्यास प्रारंभ केला. भारतात निर्णायक ठरले ते सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा आल्यावर स्वस्त झालेले इंटरनेट. टिकटॉकने लहान शहरांतील व खेड्यांतील मुलामुलींना कॅमेऱ्यापुढे आणले. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने त्यासह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. त्यानंतर काही दिवसांतच इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स सुरू केले. ८ मार्च २०२४ रोजी दिल्लीत पहिले राष्ट्रीय क्रिएटर पुरस्कार देण्यात आले.

प्रसिद्धीची घडण : कोणती चित्रफीत किती जणांपुढे ठेवायची हे माध्यमाची गणनप्रणाली म्हणजे अल्गोरिदम ठरवते. यूट्यूबने २०१२ मध्ये दृश्यसंख्येऐवजी पाहण्याच्या वेळेला महत्त्व दिले. रील्सच्या बाबतीत किती जण शेवटपर्यंत थांबले आणि किती जणांनी ती मित्राला पाठवली हे मोलाचे ठरते. त्यामुळे पहिल्या दोन-तीन सेकंदांत नजर अडकवणारा ‘हुक’, चलतीत असलेला ‘ट्रेंडिंग ऑडिओ’, ठरावीक वारी नवी चित्रफीत आणि दुसऱ्या निर्मात्याबरोबर ‘कोलॅब’ ही या व्यवसायाची रोजची अवजारे झाली आहेत. अपवादात्मक गाजलेली एक चित्रफीत ओळख देते. अनुयायी टिकवते ती पुनरावृत्ती. तीच लकब, तेच अभिवादन, तोच सदरा शंभर वेळा पाहिल्यावर माणूस आपला वाटू लागतो.

इंदूरच्या सराफ्यात हे काम जवळून पाहता येते. दिवसा हा सोन्याचांदीचा बाजार. रात्री पेढ्यांची शटरे खाली आली की त्यांच्याच ओट्यांपुढे खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात. वर्दळ राहिली की पेढ्यांची राखण आपोआप होते म्हणून सराफांनीच ही प्रथा वाढू दिली, असे सांगतात. चित्रण करणारे बहुधा दोघे असतात. एकाच्या हातात गिंबलवर, म्हणजे फोन स्थिर धरणाऱ्या दांड्यावर, बसवलेला फोन, दुसऱ्याकडे तळहाताएवढा दिवा. आधी कढईतून पाक निथळत वर येणारा भलामोठा जलेबा, मग खिसणीवर पडणारा भुट्ट्यांचा म्हणजे मक्याचा कीस, मग पहिला घास आणि डोळे मिटून मान डोलावणे. घास आवडल्याची खूण शब्दांआधी चेहऱ्यावर यावी लागते, कारण अनेकजण आवाज बंद ठेवून पाहतात. जोशी दहीबडा हाऊसमध्ये दह्याने भरलेला द्रोण हवेत उडवून न सांडता झेलतात आणि एकाच चिमटीत धरलेले मसाले वेगवेगळे भुरभुरतात. ही करामत रील्सच्या आधीपासून शहराला ठाऊक होती. अशा कसबी हातांना कॅमेऱ्याने देशभर नेले, हे या माध्यमाचे निःसंशय श्रेय होय.

लोकसंस्कृतीवरील परिणाम : प्रभावकांमुळे खाण्याची, फिरण्याची, सण साजरा करण्याची एक ठरीव चित्रमालिका तयार होते आणि लोक ती पाहून तशीच कृती करू लागतात. सराफा, छप्पन दुकान ही खाद्यपदार्थांच्या दुकानांची रांग, राजवाड्यासमोरून जाणारी रंगपंचमीची गेर म्हणजे मिरवणूक यांचे असे झाले आहे. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ सलग पहिले आलेले शहर, शेवटच्या वर्षी सुरतेसह संयुक्तपणे, ही ओळखही या चित्रफितींतून घराघरांत पोचली. वाहतूक नियंत्रित करताना चौकात नाचाच्या पावलांनी मागे सरकणारा पोलीस हवालदार प्रसिद्ध झाला तोही अशाच फितींमुळे. उलट बाजूही आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये रसोमा चौकात सिग्नल लागला असताना झेब्रा पट्ट्यांवर नृत्य चित्रित केल्याबद्दल एका तरुणीवर कारवाई झाली.

पोह्यांचे उदाहरण विशेष बोलके आहे. इंदुरी पोहे वाफेवर धरलेल्या परातीत सैल व ओलसर राहतात. वर शेव, कांदा, कोथिंबीर, जिरावन मसाला आणि सोबत जिलबी. महाराष्ट्रातील कांदेपोह्यांशी त्यांचे नाते उघड आहे, परंतु ते कसे जुळले याविषयी एकमत नाही. होळकरांबरोबर आलेल्या मराठी कुटुंबांनी पोहे आणले, हे मत सर्वाधिक प्रचलित. होळकरांचा माळव्यातील अंमल १७३० च्या दशकापासूनचा, आणि इंदूर राजधानी झाले ते १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर. तेव्हा हे स्थलांतर एकाच वेळी नव्हे, टप्प्याटप्प्याने घडले असावे. दुसऱ्या मतानुसार पोह्यांची दुकाने स्वातंत्र्याच्या सुमारास महाराष्ट्रातून आलेल्या व्यावसायिकांनी थाटली. घरातले पोहे आणि दुकानातले पोहे हे दोन निराळे प्रश्न मानले तर दोन्ही मते एकत्र नांदू शकतात, आणि तेच अधिक संभाव्य दिसते. चित्रफितींत मात्र होळकरांची कथा पाच सेकंदांत, ठाम सुरात सांगितली जाते. वारंवार ऐकून ती पक्की होते आणि पुढे हॉटेलांच्या मेनूकार्डावरही इतिहास म्हणून छापली जाते. प्रभावकाचा सर्वांत खोल परिणाम खरेदीवर नसून अशा स्मृतींवर होतो, आणि म्हणून प्रभावकांच्या कथनाची तपासणी गांभीर्याने व्हायला हवी.

अर्थकारण व नियमन : उत्पन्नाचे मार्ग मुख्यतः माध्यमाकडून मिळणारा जाहिरातींचा वाटा, व्यापाऱ्यांकडून मिळणारे मानधन आणि ‘बार्टर’, म्हणजे पैशांऐवजी वस्तू वा जेवण. यूट्यूबवरील जाहिरात-वाट्यासाठी २०१८ मध्ये १,००० सदस्य व वर्षभरात ४,००० तास पाहणी ही अट घातली गेली. दीर्घ चित्रफितींवरील उत्पन्नाचे ५५ टक्के निर्मात्याला मिळतात. लहान शहरांत बार्टरचे प्रमाण मोठे असल्याने कराचा एक तपशील महत्त्वाचा ठरतो. आयकर कायद्यात १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या १९४-आर कलमाने वर्षाला २०,००० रुपयांहून अधिक मूल्याचा लाभ देणाऱ्यावर १० टक्के कर कापण्याचे बंधन घातले. प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रकात प्रभावकाचेच उदाहरण घेऊन स्पष्ट केले की चित्रणासाठी दिलेली वस्तू परत केली तर तो लाभ नव्हे; ठेवून घेतली तर लाभ.

भारतीय जाहिरात मानक परिषदेची प्रभावकांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे १४ जून २०२१ पासून लागू झाली. त्यांनुसार सशुल्क वा भेट घेऊन केलेल्या चित्रफितीवर तसे स्पष्ट लिहावे लागते. ही परिषद स्वयंनियामक आहे. कायद्याचे बळ आहे ते २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याला : दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचे समर्थन करणाऱ्यास १० लाखांपर्यंत, पुन्हा तसे केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो आणि एक ते तीन वर्षांपर्यंत अशा समर्थनास मनाई करता येते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये प्रभावकांसाठी स्वतंत्र सूचनाही काढल्या.

मराठी भाषक प्रभावक व इंदूर : मराठीत भारतीय डिजिटल पार्टी म्हणजेच भाडिपा ही वाहिनी २०१६ पासून विनोदी मालिकांसाठी, तर ‘मधुराज रेसिपी’ पाककृतींसाठी घरोघरी परिचित झाली. ठाण्याच्या प्राजक्ता कोळी यांनी २०१५ पासून मुख्यतः हिंदीत काम केले आणि पुढे चित्रपट व मालिकांत प्रवेश मिळवला. भाषेची ही निवड इंदुरात अधिक टोकदार होते. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. मराठी साहित्य संमेलन १९१७, १९३५ व २००१ अशी तीन वेळा या शहरात भरले. परंतु ‘रीच’, म्हणजे अधिक प्रेक्षकांपर्यंतची पोच, हिंदीत आहे. येथला मराठी तरुण कॅमेऱ्यापुढे ‘भिया’ (भैया) म्हणत अस्सल इंदुरी हिंदी बोलतो आणि फोन खाली ठेवला की आजीशी मराठीत बोलतो. व्यवसाय म्हणून ही निवड समजण्यासारखी आहे, तरी तिची किंमत भाषेला मोजावी लागते. कारण येथली मराठी पुण्याच्या मराठीची प्रत नाही. ‘मी येऊन राहिलोय’ सारखी हिंदीच्या वळणाची रूपे आणि माळवी शब्द तिच्यात सहज मिसळलेले असतात, आणि छापील मराठीत ही बोली क्वचितच उतरते.

ती ऐकू येते ती घरगुती पाककृतींच्या चित्रफितींत. नातू फोन धरतो, आजी हिवाळ्यातला गराडू हा कंद सोलून त्याचे तुकडे तेलात सोडते, वर जिरावन भुरभुरते, लिंबू पिळते. खालची अक्षरे हिंदीत असतात, पण आवाज आजीचा, मराठीत. नातू मध्ये बोलला तर ती त्याला थांबवते आणि आच किती ठेवायची ते पुन्हा सांगते.