बेशरम काढून पोटखराबा लागवडीखाली लावायचाय? आधी वर्ग बघा

ओढ्याकाठची बेशरमाची झुडपं उपटून तिथे पीक घेतलं, तरी सातबाऱ्यावर ती जागा पोटखराबाच, म्हणजे गटातली लागवडीलायक नसलेली जागाच राहते. मग पीककर्ज आणि विम्याच्या वेळी ती हिशेबात धरत नाहीत. २०१८ च्या नियमदुरुस्तीनंतर अशी जमीन लागवडीयोग्य क्षेत्रात नोंदवता येते, पण फक्त 'वर्ग अ' मधली. हा 'अ' लोक वाचतच नाहीत.

वर्ग अ म्हणजे मोजणीच्या वेळी शेतीला अयोग्य ठरलेली जमीन. वर्ग ब म्हणजे रस्ता, पायवाट, स्मशानभूमी, सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा आणि ज्या तळ्या-ओढ्याचं पाणी मालकाशिवाय इतरही वापरतात तो भाग. बेशरम माजते ती नेमकी अशाच ठिकाणी! झुडूप काढलं म्हणून 'ब' चा 'अ' होत नाही. ओढा तुमच्या गटाबाहेर असेल तर त्याचं पात्र सरकारचं. तिथे नांगर घातलात तर अतिक्रमणाची नोटीस येईल.

खरी अडचण आकारबंदाची. क्षेत्र, आकारणी, पोटखराबा यांची मूळ नोंद त्यात असते आणि त्याचा उतारा घरी कुणाकडेच नसतो. तो भूमी अभिलेख कार्यालयातून काढा आणि सातबाऱ्याशी आकडे ताडून पाहा. जुळत नसतील तर आधी दुरुस्ती, मग अर्ज. नाहीतर 'मेळ बसत नाही' एवढाच शेरा मारून फाईल परत येते. कुठला आकडा चुकला ते लिहायचे कष्ट कुणी घेत नाही. तुम्हीच लेखी विचारा.

बाकी सातबारा, आठ-अ (खातेउतारा), गटनकाशा जोडून अर्ज तलाठ्याकडे द्यायचा. खातं सामाईक असेल तर शहरात राहणाऱ्या भावाचीही सही आधीच घेऊन ठेवा.

स्थळपाहणी पीक उभं असतानाच मागा. बेशरम नुसती कोयत्याने छाटली असेल तर पाहणीपर्यंत ती पुन्हा फुटलेली असते आणि पंचनाम्यात 'झुडपे' असं लिहिलं जातं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की मुळासकट खणा. तोडलेली कांडी ओल्या मातीत पडली तरी मूळ धरते, म्हणून ढीग पाण्यापासून लांब, कोरड्या जागी वाळवा. शेळ्यांना त्याच्याजवळ फिरकू देऊ नका, पाला विषारी असतो.

जागा लागवडीयोग्य धरण्याचा आदेश हातात आला म्हणजे काम संपलं असं समजू नका. त्यानंतर भूमी अभिलेखकडे कमी-जास्त पत्रक (क्षेत्र आणि आकारणीतल्या बदलाचा तक्ता) व्हायचं असतं, मग फेरफार. त्याचा पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो, कारण बँक आदेश बघत नाही, नवा सातबारा मागते.