रोड बाइकचे पंक्चररोधक टायर: सातारा-सांगलीच्या रस्त्यांना पट्टा कसला लागतो

सायकलला हवेचा टायर १८८८ मध्ये आला आणि पंक्चरही त्याच्याबरोबरच आलं. त्यानंतर कितीतरी वर्षं उपाय एकच होता, रबर जाड करणं. आपल्याकडच्या रॉड ब्रेकच्या काळ्या सायकलींचे टायर तसेच असत. टायर फाटलाच तर आत जुन्या टायरचा तुकडा, म्हणजे गेटर टाकायचा. वीस-बावीस मिमी रुंदीच्या, दोनशे-अडीचशे ग्रॅमच्या रोड टायरला हे वजन झेपणारं नव्हतं. केव्हलारसारखे अरॅमिड धागे १९७० च्या दशकात बाजारात आले आणि पुढे ट्रेडखाली, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या रबराखाली, विणलेला पातळ पट्टा घालायची पद्धत रुळली. पंक्चररोधक म्हणून विकले जाणारे बरेचसे रोड टायर आजही त्याच पद्धतीचे आहेत.

हा पट्टा मुख्यतः काच आणि धारदार गारगोटीसाठी घडला. काचेचा कण ट्रेडमध्ये रुततो आणि चाकाच्या दर फेऱ्याला थोडा थोडा आत सरकतो. विणलेले धागे त्याची धार अडवतात, कारण ते सहजी कापले जात नाहीत. पण टोकदार वस्तू धागा कापत नाही, दोन धाग्यांच्या मधून शिरते. आपल्या भागातला प्रश्न नेमका इथे आहे.

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या पट्ट्यात बाभळीचा आणि वेड्या बाभळीचा काटा जुनाच. शेळ्यांसाठी डहाळ्या तोडल्या, कुंपणासाठी फांद्या ओढत नेल्या की काटे रस्त्यावर पडतात. गळीत हंगामात ऊस ओढणाऱ्या बैलांच्या पत्र्यांचे, म्हणजे नालांचे, खिळे कारखान्याच्या वाटेवर सापडतात. तार मात्र त्या मानाने नवी. ट्रकचे टायर पूर्वी प्रामुख्याने नायलॉनचे असत. गेल्या दोन दशकांत पोलादी तारांचे रेडियल वाढले, त्याच काळात पुणे-बेंगळुरू महामार्ग रुंद झाला. टायर फुटला की तारेचे बारीक तुकडे उडतात आणि वाहनांच्या वाऱ्याने कडेच्या पट्ट्यात साठतात. सायकलस्वार चालतो तो नेमका त्याच पट्ट्यातून. शिरवळ ते पेठ नाका या टप्प्यात केसाएवढ्या जाड, पाच-सात मिमी लांबीच्या तारेने झालेली पंक्चर नेहमीची आहेत. हवा हळूहळू जाते, ट्यूबचं भोक पाण्यात बुडवल्याशिवाय दिसत नाही आणि तार टायरमध्येच राहते. नवी ट्यूब घालून दोन किलोमीटर जात नाही तोच पुन्हा तेच.

म्हणून विणलेला पट्टा घ्यावा की जाड रबराचा, यावर इथल्या स्वारांत सतत वाद होतो. विणलेल्या पट्ट्याचा २५ मिमीचा टायर साधारण २५० ते ३०० ग्रॅमचा. ३ मिमी जाडीचा लवचीक रबरी थर असलेला त्याहून शंभरेक ग्रॅम जड, आणि ५ मिमी थराचा २८ मिमीचा टायर सहाशे ग्रॅमच्या घरात. जाड टायरवर चाक ओढल्यासारखं वाटतं, यवतेश्वर किंवा पसरणीच्या चढाला ते जाणवतं, ही तक्रार खरी आहे. पण तार अडते ती जाडीने, विणीच्या घट्टपणाने नव्हे. पाच मिमीची तार पातळ टायरमधून आरपार जाते, जाड थरात तिचं टोक ट्यूबपर्यंत पोचत नाही. महामार्गावर किंवा सांगलीच्या पूर्व भागात नियमित चालवणाऱ्याने निदान मागच्या चाकाला तरी ३ मिमीचा थर घ्यावाच. वजन मागेच जास्त पडतं आणि पुढच्या चाकाने उडवलेला काटा आडवा-उभा होऊन मागच्यात घुसतो. बाजूच्या भिंतीतून शिरणाऱ्या काट्याला मात्र ट्रेडखालचा कुठलाच पट्टा अडवत नाही. त्यासाठी भिंतीवरही जाळी असलेला टायर लागतो.

रुंदीचा बदल याच काळातला. २३ मिमी जाऊन २५ आणि आता २८ ते ३२ सर्रास झाले, हवेचा दाब कमी झाला. सत्तर किलोच्या स्वाराला २५ च्या टायरमध्ये मागे ९० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं एकक) आसपास, २८ मध्ये ७५ ते ८० पुरते. जुन्या सवयीने ११०-१२० भरली तर टायर टोकदार वस्तूवर दबून वळत नाही, तिच्यावर आपटतो. फारच कमी भरली तर खड्ड्यात रिमची धार ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. पावसाळ्यात ओलं रबर सहज कापलं जातं, तेव्हा प्रत्येक फेरीनंतर ट्रेड तपासावा.

ट्यूबलेसमध्ये, म्हणजे ट्यूब नसलेल्या टायरमध्ये, तारेचं भोक आत भरलेलं सीलंट हे द्रव जागेवर बुजवतं. पण इथल्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतं. दर दोन-तीन महिन्यांनी व्हॉल्व्हमधून ३०-४० मिली भरायचा कंटाळा असेल तर ट्यूबच बरी.

दुकानात नुसतं ‘२८ चा टायर’ मागू नका. काळ्या सायकलचा २८ × १½ इंची टायर हा ६३५ मिमीच्या रिमचा असतो, रोड बाइकची रिम ६२२ ची. तो चढतो, पण ढिला बसतो. टायरच्या भिंतीवर २८-६२२ असं छापलेलं पाहा. फ्रेम आणि ब्रेकमध्ये दोन्ही बाजूंना निदान ४ मिमी जागा उरते का, तेही आधी मोजा. जुन्या रिम ब्रेकच्या कित्येक बाइकमध्ये २५ च्या वर टायर जात नाही.

जाड टायर चढवताना कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत, व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात करून शेवट व्हॉल्व्हपाशी करा. स्क्रूड्रायव्हर लावला की नवी ट्यूब तिथेच फाटते. पंक्चर झाल्यावर ट्यूबचं भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते टायरवर जुळवा आणि त्या जागी आतून कापडाचा बोळा फिरवा. तार कापडाला अडकते. ती चिमट्याने ओढून काढल्यावरच नवी ट्यूब घाला.