टाका कोण मोजतो?

राजारामपुरीत आमच्या ओळखीच्या एका वहिनींनी घरामागच्या शेडमध्ये लाँगआर्म क्विल्टिंग मशीन टाकलंय. रजया, दुपटी, हौशी लोकांच्या वाकळा असं बरंच काही तिथं शिवलं जातं. गेल्या महिन्यात त्यांनी हाक मारली, कारण टाके मधेच लांब पडायला लागले होते. मेकॅनिक ‘बोर्ड गेलाय’ म्हणून सांगून गेला होता. शेजारच्या मावशींचं निदान त्याहून झटपट होतं: मशीन अमावस्येला उतरवलं!

मी एवढंच विचारलं, “लांब टाका कुठल्या दिशेला पडतो वहिनी? आडवा का उभा?”

“दिशेचा काय संबंध ओ काका? टाका म्हणजे टाका.”

संबंध आहे, आणि दिशेचाच आहे.

घरच्या शिलाई मशीनमध्ये सुईखालचे दाते दर टाक्याला कापड ठरावीक अंतर सरकवतात. पायडल जोरात मारा की हळू, टाक्याची लांबी दाते ठरवतात. लाँगआर्ममध्ये हे दाते नसतातच. वरचं कापड, मधला कापूस आणि अस्तर चौकटीवर ताणून बसवलेलं असतं आणि अख्खं मशीन चाकांवरून हाताने फिरवायचं. खालचा गाडा डावी-उजवीकडे धावतो, त्याच्यावर मशीन पुढे-मागे. आता मोटर एकाच वेगाने चालत राहिली तर काय होईल? हात जलद गेला की टाका लांब, हात रेंगाळला की एका जागी गुंता. वाकळ शिवणाऱ्या बायका धावदोरा बोटांच्या अंदाजाने सारखा ठेवतात. इथं तो अंदाज स्टिच रेग्युलेटरकडे सोपवलाय. हात किती सरकला ते त्यानं मोजायचं आणि ठरलेलं अंतर भरलं की सुई खाली सोडायची.

गंमत अशी, की या रेग्युलेटरला ना कापड दिसतं, ना पडलेला टाका. त्याला रुळाला टेकून फिरणारी दोन छोटी चाकं तेवढी कळतात, एक आडव्या हालचालीचं, एक उभ्या. जुना गोळीवाला माउस आठवतो? आतले दोन रूळ, त्यांना खाचांच्या चकत्या, आणि कर्सर अडखळला की नखानं मळ खरवडायचा. तीच युक्ती, फक्त आकार मोठा. या चाक-चकतीच्या जोडीला एन्कोडर म्हणतात.

समजा चाकाचा व्यास १६ मिमी आहे, म्हणजे परीघ साधारण ५० मिमी. चकतीला १०० खाचा आणि दर खाचेमागे ४ मोजण्या (४ का, ते सांगतोच). फेरीला ४०० मोजण्या झाल्या, म्हणजे एक मोजणी ०.१२५ मिमीची. इंचाला १० टाके हवे असतील तर टाका २.५४ मिमीचा, म्हणजे दर २० मोजण्यांना एक. तिरकं गेलं तर पायथागोरस: आडवं ३, उभं ४, तर अंतर ५. एका जाहिरातीत यालाच ‘एआय टाका’ म्हटलेलं पाहिलं. शाळेतल्या भूमितीला एआय म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

आता माझा आवडता भाग. घाई असेल त्यांनी तीन परिच्छेद ओलांडून जावं.

चकतीच्या एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा डोळा. खाच समोर आली की उजेड, नाहीतर अंधार. पण एकच डोळा ठेवला तर पंचाईत होते. मोटर चालताना सगळं मशीन थरथरतं. चाक नेमकं खाचेच्या काठावर थांबलं असेल तर त्या थरथरीनंच उजेड-अंधार-उजेड असं चालू होतं. डोळ्याला वाटतं मशीन सरकतंय, टाका पडतो, टाक्यानं आणखी थरथर. हात जागेवर आणि कापडात टाक्यांचा ढीग!

म्हणून डोळे दोन, आणि दुसरा पाव घराने सरकवलेला (एक खाच आणि तिच्या शेजारची भिंत मिळून एक घर). उजेडाला १ आणि अंधाराला ० म्हणू. चाक पुढे फिरलं की जोडी अशी बदलते: ००, १०, ११, ०१, पुन्हा ००. मागे फिरलं की ००, ०१, ११, १०. एका घरात चार पायऱ्या, म्हणून ४ मोजण्या. आणि काठावरची थरथर? ००, १०, ००: एक पाऊल पुढे, एक मागे, बेरीज शून्य. शिवाय दर पायरीला एकच आकडा बदलतो, त्यामुळे नेमक्या बदलाच्या क्षणी वाचलं तरी चूक फार तर एका पायरीची. या मांडणीला ग्रे कोड म्हणतात. बेल लॅब्सच्या फ्रँक ग्रे यांना त्याचं पेटंट १९५३ साली मिळालं.

याची दुसरी बाजू मला जास्त आवडते. एका डोळ्यावर घाण बसली, की चाक खरोखर फिरत असलं तरी रेग्युलेटरला ००, १०, ००, १० एवढंच दिसतं. तो शहाणा समजतो, की ही तर नुसती थरथर. थरथर ओळखायची हुशारीच त्याला आंधळं करते.

तर वहिनींना एक मोठं वर्तुळ शिवायला सांगितलं. त्याच्या डाव्या-उजव्या कडेला, जिथं हालचाल उभी असते, टाके सुरेख. वरच्या आणि खालच्या कडेला, जिथं ती आडवी होते, लांबच लांब. म्हणजे आडव्या चाकाची मोजणी कमी पडत होती. अख्खा बोर्ड गेला असता तर त्यानं बाजू निवडली नसती. ते चाक साफ बंद पडलं असतं तर ४५ अंशांच्या रेषेवर टाका १.४ पट झाला असता, आणि नुसत्या आडव्या रेषेवर एकही पडला नसता.

चाकाला दोरा गुंडाळला होता आणि चकतीच्या खाचांत लाल भुकटी होती: खंडेनवमीचं कुंकू. यंत्राच्या पूजेला माझी ना नाही. वर्षातून एकदा तरी त्या निमित्तानं मशीन पुसलं जातं. पण हळदकुंकू बाहेरच्या पत्र्याला लावा, चकतीला नको. दोऱ्याचा अर्धा मिमीचा थरसुद्धा चाकाचा व्यास १७ करतो, म्हणजे आडवा टाका सरसकट ६ टक्के लांब. त्यातून दोरा एका बाजूला चढलेला असला की चाक रुळावरून उचललं जातं आणि घसरतं. साफ केलं, चाक दाबून धरणारी स्प्रिंग घट्ट केली, तारेचा ढिला जोड बसवला.

एक गोष्ट मात्र बिघाड नव्हे. मिनिटाला १८०० टाके मारणारं मशीन इंचाला १० टाक्यांवर सेकंदाला ३ इंचच जाऊ शकतं. हात त्याहून पळाला तर टाका लांब पडणारच.

एवढं करूनही अधूनमधून एखादा टाका बरोबर दुप्पट पडत होता, तोही कुठल्याही दिशेला. कापड दिव्यासमोर धरलं, भिंग लावलं. त्या लांब टाक्याच्या मधोमध सुईचं भोक होतं. म्हणजे मोजणी बरोबर, सुई वेळेवर खाली गेली होती, फक्त सुईनं खाली नेलेल्या दोऱ्याचा फास पकडणाऱ्या हुकाला तो सापडला नव्हता. सुई काढून पाहिली तर किंचित वाकलेली. वहिनींनी नवी बसवली.