सात सेकंदांत वाचता येईल तेवढेच

ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर पुढे जाते. महामार्गावरच्या इलेक्ट्रॉनिक फलकाचे सगळे गणित या आकड्यापासून सुरू होते. फलकावरची अक्षरे साधारण ४५० मिलिमीटर उंच असतील, तर ती दिवसा सुमारे २४० मीटरवरून आणि रात्री १८० मीटरवरून वाचता येतात. रात्री हे अंतर कमी होते, कारण अंधारात एलईडीचा उजेड डोळ्यांत पसरतो आणि अक्षरांच्या कडा एकमेकींत मिसळतात. फलक डोक्यावरच्या कमानीवर असल्याने शेवटच्या ३०-३५ मीटरमध्ये तो काचेच्या वर निघून जातो. म्हणजे चालकाच्या हाती दिवसा सात सेकंद आणि रात्री जेमतेम पाच सेकंद उरतात. समृद्धी महामार्गावर मोटारी ताशी १२० ने जातात, तिथे दिवसाचे सहा आणि रात्रीचे साडेचार. शिवाय या वेळात पुढच्या ट्रककडे आणि आरशाकडेही बघायचे असते.

म्हणून अमेरिकेच्या नियमावलीने मर्यादा घातली आहे: जास्तीत जास्त तीन ओळी, आलटून पालटून दोनच पडदे (पडदा म्हणजे फलकावर एका वेळी दिसणारा मजकूर), आणि दोन्ही मिळून आठ सेकंद. सरकणारी किंवा विरघळत जाणारी अक्षरे तिथे चालतच नाहीत. आठ सेकंदांचे चक्र सात सेकंदांत पुरते वाचून होत नाही, हे उघड आहे. म्हणून दोन पडदे लावायचेच असतील, तर प्रत्येक पडदा एकटा वाचला तरी अर्थ लागला पाहिजे. ताशी ८० च्या वर एकच पडदा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मजकूर. ‘सावधान! पुढे अपघात झाला आहे. कृपया वाहने सावकाश चालवा.’ यात नऊ शब्द आहेत. पण कुठे, किती दूर आणि आपण कोणत्या रस्त्याने जायचे, यांपैकी एकही गोष्ट नाही. त्याऐवजी तीन ओळी अशा हव्यात: ‘नवा कसारा घाट बंद’, ‘मुंबई: समृद्धीने जा’, ‘इगतपुरी इंटरचेंज’. काय झाले, काय करायचे, कुठून. कसाऱ्याला जुना आणि नवा असे दोन घाट आहेत, त्यामुळे कोणता बंद हे लिहिलेच पाहिजे. नाहीतर ज्याचा रस्ता मोकळा आहे तोही वळतो आणि दुसरीकडे कोंडी होते. समृद्धीवर दुचाकींना बंदी आहे. तेव्हा दुचाकीवाल्यांसाठी वेगळी सूचना पुढच्या फलकावर द्यावी, याच फलकात कोंबू नये.

देवनागरीची एक खास अडचण आहे. इंग्रजी कॅपिटल अक्षर पाच बाय सात ठिपक्यांत बसते. आपल्याला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर एवढी जागा लागते. ठिपक्यांत २० मिलिमीटर अंतर असलेल्या फलकावर एका अक्षरासाठी ठिपक्यांच्या २४ ओळी घेतल्या, तर अक्षराची एकूण उंची ४८० मिलिमीटर होते. पण वरखालची चिन्हे वजा केली की मूळ अक्षराला त्यातली निम्मी उंची कशीबशी मिळते. त्यामुळे ‘अक्षराची उंची ४५० मिलिमीटर’ एवढेच निविदेत लिहून भागत नाही. शिरोरेषेपासून ‘क’च्या तळापर्यंतची उंची किती, हे त्यात लिहून घ्यावे लागते. शिवाय अक्षरांचे सुटे चौकोन असलेला फलक घेऊ नये. ठिपक्यांची सलग जाळी असलेला घ्यावा. अनुस्वार म्हणजे फक्त दोन बाय दोन ठिपके. तिथले एलईडी गेले की ‘बंद’चा ‘बद’ होतो.

जागा चुकली, तर उत्तम मजकूरही वाया जातो. नाशिकहून मुंबईला निघालेल्या माणसाला विल्होळीजवळ घाट बंद असल्याचे कळले, तर तो अजून त्र्यंबकेश्वर, जव्हार, मनोर असा विचार करू शकतो. घोटीपर्यंत आल्यावरही त्र्यंबकचा फाटा आणि पुढे समृद्धी हे पर्याय उरतात. इगतपुरी ओलांडली की तीच बातमी फक्त मनस्ताप देते. वळायच्या जागेआधी दीड-दोन किलोमीटर अंतर हवे. ताशी १०० ने दोन किलोमीटर ७२ सेकंदांत संपतात आणि लादलेल्या ट्रकला डावीकडची लेन पकडायला तेवढा वेळ लागतो.

रांगेचा इशारा देताना तर फलकाची जागा मिनिटामिनिटाला जुनी होत जाते. समजा, दोन लेनवर तासाला १,५०० वाहने येत आहेत आणि रस्ता पूर्ण अडला आहे. प्रत्येक वाहनाला सरासरी दहा मीटर धरले, तर एका लेनची रांग तासाला साडेसात किलोमीटर, म्हणजे दहा मिनिटांत सव्वा किलोमीटर मागे सरकते. अपघाताच्या एक किलोमीटर आधीचा फलक दहा मिनिटांच्या आत रांगेत बुडतो. भरधाव येणारी गाडी आदळते ती रांगेच्या शेपटीवर. म्हणून कंट्रोल रूमने अपघाताच्या जागेवर नव्हे, शेपटीवर नजर ठेवावी आणि इशारा एकेक फलक मागे नेत राहावा.

पावसाळ्यात इगतपुरी-कसारा पट्ट्यात ढग रस्त्यावर उतरतात, तेव्हा ‘धुके, सावकाश चला’ हे अपुरे असते. सावकाश म्हणजे किती? रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेसच्या कोष्टकात ताशी १०० ने जाणाऱ्या गाडीला थांबायला १८० मीटर दृष्टिअंतर लागते, ८० ला १२०, ५० ला ६०. दृश्यता मोजणाऱ्या यंत्राने ६० मीटर दाखवले, तर फलकावर ‘धुके, वेग ५०’ असा आकडाच हवा. आणि तो फलक धुक्याच्या अलीकडे हवा. धुक्यात उभा असलेला फलक स्वतःच दिसत नाही.

तेजस्वितेबद्दल थोडक्यात. भर उन्हात पिवळ्या अक्षरांना दर चौरस मीटरला काही हजार कँडेला लागतात, रात्री पन्नासच्या आसपास पुरतात. हा फरक प्रकाशसंवेदक सांभाळतो. त्याच्या काचेवर धूळ साचली, तर त्याला दुपारीही संध्याकाळ वाटते आणि फलक फिका पडतो. संध्याकाळी मुंबईकडे जाताना सूर्य फलकाच्या मागे असतो, म्हणून एक संवेदक पुढे आणि एक मागे बसवणे चांगले.

सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात लवकर हातची जाणारी गोष्ट म्हणजे विश्वास. फलक रिकामा दिसू नये म्हणून त्यावर बारा महिने सुविचार आणि शुभेच्छा चालवल्या, की लोक वर बघणे सोडतात. मग खरोखर घाट बंद होतो त्या दिवशीही बघत नाहीत. टेक्सासमध्ये दर महिन्यात एक आठवडा फलकांवर त्या वर्षीच्या अपघाती मृत्यूंची संख्या दाखवत. हॉल आणि मॅडसन या संशोधकांनी २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडले, की त्या आठवड्यांत फलकापुढच्या १० किलोमीटरमध्ये अपघात ४.५ टक्क्यांनी वाढत. धक्का देणारा आकडा चालकाचे लक्ष खातो, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. सांगण्यासारखे काही नसेल, तर ‘घोटी २५ मिनिटे’ असा प्रवासाचा वेळ दाखवावा, तोही प्रत्यक्ष मोजलेला असेल तरच. नाहीतर फलक बंद ठेवण्यात काही गैर नाही.

शिळा संदेश हाही विश्वास घालवतो. प्रत्येक संदेशाला संपण्याची वेळ द्यावी, समजा ३० मिनिटे; ऑपरेटरने पुन्हा मान्यता दिली तरच तो पुढे चालावा. कंट्रोल रूमशी संपर्क तुटला, तर फलकाने शेवटचे वाक्य धरून न बसता काही मिनिटांत आपोआप काळे व्हावे. ही सोय फलक चालवणाऱ्या बहुतेक नियंत्रक यंत्रांत असते, पण बसवताना ती सुरू करायची राहून जाते.

२०२७ च्या सिंहस्थात नाशिक शहराबाहेरच्या वाहनतळांसाठी ट्रेलरवरचे फिरते फलक लागतील. तिथे ‘पार्किंग भरले’ हे तळ भरल्यावर लिहून उपयोग नाही. फलक सहा किलोमीटर आधी असेल आणि गाड्या ताशी ४० ने येत असतील, तर नऊ मिनिटांचा रस्ता मध्ये आहे. मिनिटाला २० गाड्या त्या तळाकडे येत असतील, तर १८० गाड्या फलक मागे टाकून निघालेल्या असतात. म्हणून १८० जागा शिल्लक असतानाच फलक बदलायचा आणि त्याच ओळीखाली पुढच्या तळाचे नाव व बाण द्यायचा. पर्वणीच्या दिवशी वाटेतला वेग ताशी १५ वर आला, तर हाच आकडा ४८० होतो. तेव्हा तळावर गाड्या मोजणाऱ्याला रस्त्यावरचा वेगही दर काही मिनिटांनी कळत राहिला पाहिजे.