ओरस्टेडची सुई योगायोगाने हलली नव्हती
शाळेपासून ऐकत आलोय की 1820 मध्ये कोपनहेगन युनिव्हर्सिटीत डॅनिश शास्त्रज्ञ ओरस्टेडचं लेक्चर चालू होतं, टेबलावर सहज होकायंत्र पडलेलं, तारेतून करंट सोडला नि सुई हलली, झाला शोध की विजेचा चुंबकावर परिणाम होतो! गोष्ट मस्तय पण तसं नाहीये. विजेचा चुंबकावर परिणाम होतो का हे तपासायला हवं असं त्याने 1812 च्या पुस्तकातच लिहिलेलं, प्रयोगही आधीच ठरवलेला, फक्त लेक्चरआधी करून बघायला वेळ मिळाला नाही म्हणून थेट लोकांसमोरच केला (डेरिंग बघा). सुई हलली तीपण जेमतेम, समोरच्यांना विशेष काही वाटलंच नाही. मग जुलैत मोठी बॅटरी घेऊन नीट प्रयोग केले आणि 21 जुलैला चार पानी लॅटिन पत्रक छापलं.