जुनाट कंबरदुखी आणि छातीभर पाणी

कंबर 12 आठवड्यांहून अधिक काळ दुखत राहिली, की वैद्यकात तिला जुनाट कंबरदुखी म्हणतात. अशा बहुतेक रुग्णांच्या एक्स-रे किंवा एमआरआयमध्ये दुखण्याचे नेमके कारण सापडत नाही, आणि मणक्यांची जी झीज दिसते ती कंबर न दुखणाऱ्यांमध्येही पुष्कळदा आढळते. हालचाल केली की दुखते म्हणून माणूस ती टाळतो, त्यामुळे पाठीचे व पोटाचे स्नायू दुबळे होतात आणि मग थोड्याशा श्रमानेही कंबर धरते. यावर व्यायाम हवा हे खरे. पण वाकण्याचीच धास्ती घेतलेल्या माणसाकडून तो करवून घ्यायचा कसा? पाण्याचा मुख्य उपयोग इथे होतो.

पाण्यात शिरलेले शरीर जितके पाणी बाजूला सारते, तितक्या पाण्याच्या वजनाएवढे प्लावक बल त्याला वर उचलून धरते. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिल्यास पायांवर वजनाचा साधारण निम्मा भार उरतो, छातीइतक्या पाण्यात सुमारे एकतृतीयांश, तर मानेपर्यंतच्या पाण्यात जेमतेम दहावा हिस्सा. पाणी कंबरेच्या वर चढले की खालच्या मणक्यांवरचा भारही हलका होतो. उपचारासाठीच्या तलावात पाणी बहुधा 33 ते 35 अंश सेल्सिअस राखतात, त्यामुळे आखडलेले स्नायू सैल पडण्यास मदत होते. पोहण्याचे नेहमीचे तलाव याहून गार असतात.

मात्र पाणी नुसता आधार देत नाही, ते अडवतेही. त्याची घनता हवेच्या सुमारे 800 पट आहे, आणि हाताचा वेग दुप्पट केला की त्याचा विरोध जवळपास चौपट होतो. छातीभर पाण्यात उभे राहून तळहात कडेने फिरवला तर तो सहज सरकतो. तोच सपाट धरून जोराने पुढे ढकलला, तर धड मागे जाऊ नये म्हणून पोट आपोआप आवळले जाते. हात थांबला की विरोधही ओसरतो, त्यामुळे जोर किती लावायचा हे रुग्णाच्याच हाती राहते. यासाठी पोहता येण्याची गरज नाही. उलट ब्रेस्टस्ट्रोकमध्ये, म्हणजे छातीवर पालथे राहून पोहण्याच्या प्रकारात, कंबर मागे वाकत असल्याने काहींचे दुखणे वाढते.

2022 मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’ या नियतकालिकात चीनमधील 113 रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाने 3 महिने, आठवड्यातून दोनदा, 60 मिनिटे पाण्यात व्यायाम केला; दुसऱ्याला विद्युत उत्तेजन व इन्फ्रारेड शेक देण्यात आला. दैनंदिन कामांतील अडचणी पहिल्या गटात अधिक कमी झाल्या आणि हा फरक वर्षभरानंतरही टिकून होता. पण इथे तुलना पडून घ्यायच्या उपचारांशी आहे, जमिनीवरच्या व्यायामाशी नाही. त्यामुळे ज्यांना जमिनीवर व्यायाम जमतो त्यांनी मुद्दाम तलाव शोधत फिरावे, असे या चाचणीवरून म्हणता येत नाही.

उघडी जखम, त्वचेचा संसर्ग, आटोक्यात नसलेली अपस्माराची (फिट येण्याची) किंवा हृदयविकाराची तक्रार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. जांघेत बधिरता आली, लघवीवरचा ताबा सुटला किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी झाली, तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठावे. इतरांच्या बाबतीत फिजिओथेरपिस्ट सहसा छातीभर पाण्यात चालण्यापासून सुरुवात करतात आणि ताकद वाढेल तसे रुग्णाला उथळ भागाकडे आणतात, म्हणजे अंगावरचा भार टप्प्याटप्प्याने परत येतो आणि पुढचा व्यायाम जमिनीवर करता येतो.